अंगचा रंग

भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये पोलादावर धातूचे थर फवारतात, तिथे रंगाला फारसा मान नाही. झिंक करडं, निकेल करडं, ॲल्युमिनियम जरा उजळ करडं. ब्लास्टिंग होऊन, म्हणजे बारीक कणांच्या माऱ्याने साफ होऊन, आलेला जॉब करडा आणि संध्याकाळी घरी जाणारी माणसंही करडीच. रंग म्हणावेत असे दोनच, तेही सिलिंडरांवरचे: ऑक्सिजनचा काळा आणि ॲसिटिलीनचा मरून. वर्षातून एकदा खंडेनवमीला कॉम्प्रेसरवर हळदकुंकू पडतं, झेंडूची माळ चढते आणि दोन दिवसांत तिच्यावरही करडी साय धरते. या शेडमध्ये अकरा वर्षं काढल्यावर कुणी मला "मॅडम, धातूला रंग द्यायचाय" म्हणेल, असं वाटलं नव्हतं.

म्हणणारे गृहस्थ शिल्पकार होते. पन्नाशीचे, मूळचे सावंतवाडीकडचे. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर कुणाचं तरी घर होत होतं आणि त्याच्या दर्शनी भिंतीसाठी पोलादाची मोठी पॅनेलं त्यांना करायची होती. खाऱ्या वाऱ्यात पोलाद टिकवायचं तर त्यावर झिंक मारावं लागतं, इथपर्यंत त्यांना ठाऊक होतं. अडचण त्यापुढची होती. त्यांना पॅनेल लाल हवं होतं आणि रंगवलेलं नको होतं.

"म्हणजे?" मी विचारलं.

"रंग लावलेला नको. रंग असलेला हवा."

अशी वाक्यं ऐकली की इंजिनिअर माणूस पेन खाली ठेवतो आणि चहा मागवतो. मीही मागवला. मग ते कावीबद्दल बोलू लागले. लहानपणी त्यांनी देवळांच्या भिंतींवर पाहिलेली कावी. कोकणात आणि गोव्यात जुन्या देवळांवर, काही घरांवर ती अजून दिसते. चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर तांबड्या काव मातीचा थर द्यायचा आणि तो पुरता सुकायच्या आत अणकुचीदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. वेली, मोर, हत्ती, देव सगळे त्या दोनच रंगांत. "ती भिंत रंगवलेली नसते," ते म्हणाले, "ती भिंतच तांबडी असते." चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगड होतो आणि माती त्या दगडात कोंडली जाते, म्हणून ती पावसाळे काढते, एवढी भर मी माझ्याकडून घातली. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मग तेच झिंकमध्ये करा."

ऐकायला सोपं होतं. माझ्या डोक्यातही ते चटकन बसलं, कारण आमचं यंत्र करतं काय, तर पुडीचा थर करतं. फवारायच्या गनच्या माथ्यावर एक छोटा डबा असतो, त्याला हॉपर म्हणतात. त्यातून धातूची पूड ऑक्सि-ॲसिटिलीनच्या ज्वाळेत सुटते. ज्वाळा साधारण ३,१०० अंशांची. कण तिच्यात काही सहस्रांश सेकंदच राहतो. तेवढ्यात वितळतो, उडतो, समोरच्या पत्र्यावर आपटून धिरड्यासारखा पसरतो आणि थिजतो. धिरड्यावर धिरडं पडत जातं आणि थर चढतो. पत्रा या सगळ्यात फार तापत नाही, आणि या धंद्याची खरी गंमत तीच आहे. मॅक्स उलरिश शूप नावाच्या स्विस माणसाने १९१०च्या सुमारास ही विद्या काढली. मुलं खेळण्यातल्या बंदुकीने भिंतीवर शिशाच्या गोळ्या मारत होती, त्या आपटून चपट्या होताना पाहून त्याला हे सुचलं, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण आमच्या धंद्याला एवढी एकच गोष्ट आहे, म्हणून आम्ही ती प्रत्येक नव्या पोराला सांगतो.

तर पूडच टाकायची आहे, मग धातूबरोबर रंगाचीही टाकू. खनिज रंग म्हणजे मातीच, आगीला ती कशाला भिते? विटा भाजतात, कौलं भाजतात, रंग राहतोच ना. इतकं सरळ गणित मांडून मी मंडईजवळच्या दुकानातून दोन किलो गेरू आणला. दुकानदाराने विचारलं, "तुळशीवृंदावनाला?" मी हो म्हटलं. खरं सांगत बसले असते तर दुपार गेली असती.

पहिली चूक त्याच दिवशी होणार होती. झिंकपेक्षा ॲल्युमिनियम उजळ, त्यावर लाल खुलून दिसेल, असं मला वाटलं. बारीक ॲल्युमिनियमची पूड काढली, गेरू चाळला आणि दोन्ही एका डब्यात घालून हलवणार, एवढ्यात मामा आले. मामा आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. सगळे त्यांना मामाच म्हणतात, मालकसुद्धा. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, रूळ जोडायचेत का?"

माझ्या हाताला एकदम घाम फुटला. धातुशास्त्राची पदवी घेतलेली बाई मी. गेरू म्हणजे आयर्न ऑक्साइड. आयर्न ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची पूड म्हणजे थर्मिट. गोल्डश्मिट नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९५ साली पेटंट घेतलेली हीच ती जोडी. ॲल्युमिनियम लोखंडाचा ऑक्सिजन हिसकावून घेतो आणि त्या झटापटीत इतकी उष्णता निघते की लोखंड पाण्यासारखं वाहू लागतं. रेल्वेचे रूळ आजही तसेच जोडतात. मामांचे थोरले भाऊ रेल्वेत गँगमन होते. ते काम मामांनी रात्रीच्या ब्लॉकमध्ये रुळाशेजारी उभं राहून पाहिलेलं, मी पाठ्यपुस्तकात समीकरण म्हणून. आणि मी तो डबा ३,१०० अंशांच्या ज्वाळेच्या माथ्यावर बसवायला निघाले होते. मामांनी डबा माझ्या हातातून घेतला आणि ॲल्युमिनियम पुन्हा रॅकवर, पार टोकाला नेऊन ठेवलं. पुढे एक शब्द बोलले नाहीत. त्याचंच जास्त लागलं.

मग झिंक. एरवी झिंकची तारच ज्वाळेत सोडून आम्ही ते मारतो, तेच स्वस्त पडतं. पण तारेत रंग कसा घालणार? म्हणून पूड. आणि इथून पुढचे तीन आठवडे मी रंगाशी कमी आणि पुडीच्या स्वभावाशी जास्त झगडले.

पूड ही एक विचित्र वस्तू आहे. घन म्हणावी तर वाहते, द्रव म्हणावी तर ढीग करून बसते. चांगली पूड वाळूच्या घड्याळातल्यासारखी ओघळते. ती किती ओघळते हे मोजायला एक साधं नरसाळं असतं, खाली २.५ मिलिमीटरचं भोक. ५० ग्रॅम पूड त्यातून किती सेकंदांत जाते ते पाहायचं. आमची झिंकची पूड निमूट जायची. गेरू नरसाळ्यात घातला तर भोकाशी कमान करून बसला. टिचकी मारली की चिमूटभर पडायचा आणि पुन्हा मौन. कारण साधं आहे. झिंकचा कण केसाच्या जाडीइतका, ५० ते १०० मायक्रॉनचा. रंगाचा कण मायक्रॉनभराचा, बरेचदा त्याहूनही लहान. इतक्या बारीक कणांना स्वतःचं वजन जाणवतच नाही, ते एकमेकांना धरूनच राहतात. हाताला गेरू लागला की तो झटकून जात नाही, पुसावा लागतो. तेच हे.

दोन्ही नुसते मिसळले तर आणखी वाईट. गनच्या कंपनांनी जड झिंक आपला रस्ता धरायचं आणि गेरू मागे हॉपरच्या भिंतीला चिकटून राहायचा. जो थोडा ज्वाळेपर्यंत पोचायचा तो इतका हलका की वाऱ्यावर निघून जायचा. पत्र्यावर करडं झिंक, मामांच्या मिशांवर तांबडी झाक. "रंग चढतोय मॅडम," ते म्हणाले, "पण माझ्यावर."

उपाय सापडला तो घरी. जानेवारी होता. धाकट्या बहिणीची पहिली संक्रांत, म्हणून आई हलव्याचे दागिने करायला बसली होती. आजकाल हलवा विकत मिळतो, पण आईला तो पटत नाही, काटा नीट नसतो म्हणते. शेगडीवर परात, मंद आच, परातीत तीळ. डाव्या हाताला पाकाची वाटी. चमचाभर पाक तिळांवर सोडायचा आणि उजव्या हाताच्या बोटांनी तीळ सतत फिरवत राहायचे. पाक सुकतो, प्रत्येक तिळाला नखाएवढासुद्धा नाही असा पातळ थर बसतो. मग पुन्हा चमचाभर. घाई केली आणि पाक जास्त पडला तर तिळांचे गठ्ठे होतात. आच वाढली तर साखर पिवळी पडते. हात थांबला तर सगळं परातीला चिकटतं. तासन् तास हेच चालतं, आणि कधीतरी, कुणी न सांगता, तिळाला काटे फुटू लागतात.

मी तिच्यासमोर पाटावर बसून पाहत राहिले. एका मोठ्या दाण्यावर बारीक पूड चिकटवायची, दाणे एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, प्रत्येक दाणा सुटा आणि वाहता राहिला पाहिजे. माझा प्रश्न शब्दशः हाच होता. आमच्याच रॅकवर निकेल-ॲल्युमिनियमची एक पूड असते, तिच्यात निकेलच्या कणावर ॲल्युमिनियमची बारीक भुकटी सेंद्रिय डिंकाने चिकटवलेली असते. वर्षानुवर्षं ती वापरत होते. ती हलवाच आहे, हे मात्र त्या संध्याकाळी कळलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तू हात धुऊन ये आणि पाकाची वाटी धर."

दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये हलवा सुरू झाला. पसरट पातेलं, खाली पाण्याची वाफ, पातेल्यात झिंक, पाकाच्या जागी पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं पातळ द्रावण, साखरेच्या जागी गेरू. शंभर भाग झिंकला पाच भाग रंग. ओलं झिंक झाकून मात्र ठेवायचं नाही, पाण्याशी हळूहळू झगडून ते हायड्रोजन सोडतं. लगेच पसरून सुकवायचं. सुकलं की चाळायचं. तिसऱ्या घाण्याला नरसाळ्यातून तांबडी पूड सळसळत खाली आली. इतकी सुंदर दिसत होती की आता ती जाळायची याचं वाईट वाटलं.

जाळली. पत्र्यावर जे उतरलं ते पाहून मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "झिंक मारून गंज आणलात."

अगदी खरं होतं. करड्यात मिसळलेला मळकट तपकिरी. समुद्राकाठच्या घराचं पोलाद गंजू नये म्हणून ज्यावर पैसे खर्च करायचे, ते पहिल्या दिवसापासूनच गंजलेलं दिसणार. गेरूतला लाल फेरिक ऑक्साइड फार तापला की थोडा ऑक्सिजन सोडून काळ्या मॅग्नेटाइटकडे झुकतो. तापायचं थांबवता येत नव्हतं, तापवण्यासाठीच तर ज्वाळा होती.

पण आता मला चटक लागली होती. शिल्पकारांना लाल हवा होता हे बाजूला ठेवून मी जो मिळेल तो रंग मारून पाहिला. पिवडी मारली, तांबडी उतरली. पिवडीच्या पिवळेपणात पाणी असतं, स्फटिकात बांधलेलं. २५०-३०० अंशांनाच ते सुटतं आणि मागे गेरूच उरतो. कपड्यांना घालायची जुन्या पद्धतीची निळीची पूड मारली. ती तर पत्र्यावर पोचलीच नाही, ज्वाळेपलीकडे नुसता गंधकाचा वास आला. त्या निळीचा निळेपणा म्हणजे स्फटिकाच्या पिंजऱ्यात कोंडलेले गंधकाचे तीन-तीन अणू. पिंजरा मोडला की पाखरू उडालं. हाच निळा जातिवंत रूपात, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरातल्या लाजवर्दी दगडाच्या पुडीतून, पाचव्या शतकात अजिंठ्याच्या भिंतींवर पोचला आणि आजही तिथे आहे. अजिंठ्यातली हिरवी मातीही आपल्याच दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोटातली. दीड हजार वर्षं टिकलेले हे रंग. माझ्या ज्वाळेत त्यांचं आयुष्य काही सहस्रांश सेकंद. हिरवी माती भाजली की तिच्यातलं लोखंड तपकिरी होतं, हे आधीच ठाऊक होतं म्हणून ती मी मारली नाही. की धीर झाला नाही, कोण जाणे.

सगळ्यात मोठा धक्का पांढऱ्याने दिला. टायटेनियम डायऑक्साइड, भिंतीच्या रंगापासून टूथपेस्टपर्यंत सगळीकडे असतो तो, पांढऱ्याहून पांढरा. तो मात्र झिंकशिवाय, एकटाच, जाडसर दाण्यांचा घेऊन मारला. पत्र्यावर निळसर काळा उतरला, कोळशासारखा. पुस्तकात वाचलं होतं, एटी-१३ नावाचं त्याचं ॲल्युमिनाबरोबरचं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडबरोबरचं, मिश्रण आम्ही मारतोही, आणि ते गडद करडं का येतं हे गिऱ्हाइकांना समजावूनही सांगते. तरी शुभ्र पूड आत जाते आणि काळी होऊन बाहेर येते, हे डोळ्यांनी पाहणं वेगळं. शंभरात एखादाच ऑक्सिजन हरवतो. तेवढ्याने पांढऱ्याचा काळा होतो. काळ्या थराचा एक तुकडा मी खरवडून मफल भट्टीत हवेवर तापवला. दुपारपर्यंत तो फिकट, पिवळट पांढरा झाला होता. मामांनी तो तळहातावर घेऊन उलटासुलटा केला. "गेलेला परत आला की," म्हणाले आणि तुकडा खिशात टाकला. कशाला, ते मी विचारलं नाही.

तगले दोघेच. कोबाल्टचा निळा, ज्याने चिनी मातीची भांडी भट्टीत घालणाऱ्यांना कधी दगा दिला नाही, आणि क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा, जो वितळवायलाच २,४०० अंशांच्या वर जावं लागतं. तगले, पण दिसले नाहीत. करड्यावर थोडी निळसर, थोडी शेवाळी झाक, बस्स. शिवाय तापलेल्या क्रोमियमच्या धुरात त्याचं षट्संयुजी रूप तयार होण्याची भीती असते, ते विषारी. आमच्या एक्झॉस्टवर माझा तेवढा विश्वास नाही. हिरव्याचा डबा मी त्याच दिवशी बंद केला. झिंकच्या धुराने येणारा हुडहुडीचा ताप मामांना तरुणपणी दोनदा आलाय, दूध पिऊन उतरला असं ते सांगतात. मी त्यांना मास्क घालायला सांगते. आमचा हा वाद जुना आहे.

रंग तगूनही का दिसत नाही, हे कळायला मला लाजिरवाणा वेळ लागला. तेलात रंग दिसतो, काचेत दिसतो, कारण तेल आणि काच पारदर्शक असतात. उजेड आत शिरतो, रंगाच्या कणाला भेटतो आणि त्याच्याकडचा निरोप घेऊन बाहेर येतो. मीनाकारीतला रंग काचेत असतो, धातू नुसता खाली बसायला असतो. धातू स्वतः उजेडाला आत घेतच नाही, दारातूनच परत पाठवतो. झिंकच्या धिरड्याने पोटात घेतलेला गेरू पोटात असतो खरा, पण त्याला भेटायला कुणी जाऊच शकत नाही. दिसतो तो फक्त वर उरलेला चिमूटभर. म्हणजे "रंग असलेला हवा" ही मागणी मी अक्षरशः पुरी केली होती. पॅनेलमध्ये रंग होता. कुणाला दिसणार नव्हता, इतकंच.

शिल्पकारांना बोलावून हे सगळं सांगितलं, तेव्हा मी बिलाची भाषा मनात जुळवून ठेवली होती. समोर नमुन्याच्या चौदा पट्ट्या मांडल्या. त्यांनी त्या काळ्या पांढऱ्यालाच जास्त वेळ दिला. मग मी आमच्या धंद्यातला जुना, कंटाळवाणा उपाय सांगितला. ज्वाळेने मारलेलं झिंक सच्छिद्र असतं, धिरड्यासारखीच जाळी असते त्याला. ती बुजवायला आम्ही वरून पातळ सीलर देतो. त्या सीलरमध्येच गेरू घालू. तो वर साय धरणार नाही, भोकांत मुरेल. पण शेवटी तो लावलेलाच रंग, तुम्हाला नको असलेला.

ते काही बोलले नाहीत. एक पट्टी तशी करून पाहू म्हणाले. शुद्ध झिंक, २०० मायक्रॉन, त्यावर गेरूचा सीलर फडक्याने चोळलेला. तांबडा उतरला, खरा तांबडा, आमच्या शेडमध्ये पहिल्यांदाच. सुकत आला होता, पुरता सुकला नव्हता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मामांच्या टेबलावरचा स्क्राइबर, पत्र्यावर खुणा करायचा टोकदार दाभण, उचलला आणि पट्टीवर एक वाकडी रेघ ओढली. तांबड्याखालून झिंक चकाकलं, चुन्यासारखं पांढुरकं. मग दुसरी रेघ. तिसऱ्या-चौथ्या रेघेला पान दिसू लागलं, मग देठ, मग वेल.

"अहो, कोटिंग खरवडताय," मी म्हटलं.

"गंजेल?"

नाही गंजणार. रेघ झिंकच्या आरपार पोलादापर्यंत गेली तरी आजूबाजूचं झिंक आधी स्वतः झिजतं, पोलादाला हात लागू देत नाही. झिंक मारतात ते त्याचसाठी. हे त्यांना सांगताना माझाच आवाज मला बदललेला ऐकू आला.

त्यांनी चोच काढली, मग डोळा. पट्टीवर मोर होता, शेपटीला जागा पुरली नव्हती. टेबलावर तांबड्या भुकटीची बारीक रेघ पडली होती. मामा चष्मा कपाळावर चढवून जवळ आले, मोराकडे पाहिलं, माझ्या चौदा पट्ट्यांकडे पाहिलं आणि शिल्पकारांना म्हणाले, "खरवडायचंच होतं, तर आमच्या मॅडमना दोन महिने हलवा कशाला करायला लावला?"